डांबराखालचा आकडा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने "तुम्ही काय करता?" असं विचारलं आणि मी "आरटीओची कामं करते" म्हटलं, की त्याच्या चेहऱ्यावर दोन भाव एकामागोमाग येतात. पहिला, 'अरे बापरे, दलाल!' आणि दुसरा, 'बरं झालं भेटली, आपलं लायसन अडकलंय.' जिलबी येईपर्यंत पहिला मावळतो आणि दुसरा फोन नंबर मागतो. तीस वर्षांवर मी हे बघतेय. आधी राग यायचा. आता मी वरणभातालाच कार्ड काढून देते, म्हणजे माणूस नीट जेवतो.

लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो आणि नवऱ्याने मोटार ट्रेनिंग स्कूल काढलं. तो गाडी शिकवायचा, मी कागद सांभाळायचे. तो गेल्यावर गाड्या दुसऱ्यांनी शिकवल्या, पण कागद मी कुणाला दिले नाहीत. मी तोंडाने फटकळ आहे, हे माझं गिऱ्हाईकच सांगतं. पण "ताईंची फाइल परत येत नाही" हेही तेच सांगतं. या दुसऱ्या वाक्यावर मी बरीच वर्षं जगले. ते पूर्ण खरं नव्हतं, हे कळलं तो प्रसंग सांगायचाय.

त्याआधी धंदा थोडा समजून घ्या. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, कारखान्यात एक नंबर ठोकलेला असतो. नंबरप्लेट बदलता येते, रंग बदलता येतो, मालक तर बदलतोच. हा नंबर बदलत नाही. म्हणून काही कामांच्या फॉर्मवर त्याचा ठसा लागतो. नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी फिरवायची, आकडे उमटतात. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसंच. फक्त नाणं टेबलावर असतं आणि हा नंबर बहुतेक वेळा गाडीच्या पोटाखाली, चिखलात. त्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे हौशी गाड्यांची कामं वाढली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते असा नियम आला आणि लोकांनी गोठे, गॅरेज, सासुरवाड्या धुंडाळायला सुरुवात केली. अट एकच, पण जीवघेणी: सांगाडा, बॉडी, इंजिन मूळचं हवं. भाईंदर पश्चिमेचे एक शेठजी आजोबांची मोटार घेऊन आले. बाहेरून नवरीसारखी सजवलेली. मी बॉनेट उघडलं तर आत परवाचं डिझेल इंजिन.

"शेठ, आजोबा तर आजोबाच आहेत, पण छातीत नातू धडधडतोय," मी म्हटलं.

"बेन, चलावी लो ने," शेठ म्हणाले.

"हे नाही चालणार. ते जुनं इंजिन कुठंय?"

भंगारात गेलं होतं. शेठजी महिनाभर त्याच्या मागे फिरले आणि शेवटी मोटार दिवाणखान्यात शोभेला ठेवली. अजून दिवाळीला मिठाई पाठवतात, म्हणजे राग नसावा.

दुसरी जात मॉडिफिकेशनवाल्यांची. चेणे गावाच्या बाजूला जिम चालवणारा एक पठ्ठ्या जीप घेऊन आला. चाकं माझ्या कमरेएवढी, आणि सांगाडा मधोमध कापून हातभर लांबवलेला.

"मॅडम, बस आरसी में चढ़ा दो. लुक देखो ना!"

"लुक मस्त हाय भाई. पण कायद्याला डोळे नाहीत, त्याला टेप आहे," मी म्हटलं. कंपनीने जशी मान्य करून घेतली तशीच गाडी हवी, मनाने सांगाडा कापायचा नाही, हे त्याला पटेना. मी त्याला साफ सांगितलं की ही गाडी वळणावर उलटली तर तुझ्यासोबत बसलेल्याचं काय? तो तणतणत गेला. दुसऱ्या कुणी त्याचं काम केलं का, मला माहीत नाही. मी केलं नाही, एवढं छातीठोक सांगते.

तर अशी मी. नियमाने चालणारी, लोकांना शहाणपण शिकवणारी. आणि एके दिवशी दुपारी उत्तनजवळच्या तारोडीहून इंदूबाई आल्या.

सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, डोक्यात अबोलीचा वळेसर, हातात प्लास्टिकची पिशवी. सोबत त्यांचा मुलगा महेश, मीरा रोडलाच एका खासगी कंपनीत नोकरीला. त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं की आईने जबरदस्तीने आणलंय.

"बाय, वळखलंस का मना?" इंदूबाई म्हणाल्या. "तांडेलांची बायको मी. आमच्या गाडीचं पुस्तक तूच करून दिलेलं."

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. इंदूबाईंचे यजमान हयातभर तांडेल होते, आणि त्या पट्ट्यात मोटार बाळगणारे बहुधा पहिले. उत्तनला बंगला असलेल्या एका पारशी डॉक्टरकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. गावात कुणाला रात्री-अपरात्री कळा लागल्या, कुणाला फुरसं डसलं, की तांडेल मोटार काढायचे आणि भाईंदर गाठायचे. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. गाडी अंगणात, नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उभी. कागदांची मुदत कधीच संपलेली.

महेशने स्वच्छ सांगितलं, "ताई, मी काय वाईट नाहीये. पण नारळी पौर्णिमा झाली की घराचा पाया खणायला घेतोय, आणि जागा तेवढीच आहे. बिनकागदाचं लोखंड मी कुठे ठेवू? आईला म्हटलंय, पौर्णिमेपर्यंत कागद झाले तर मी वारस म्हणून सही करतो, गाडी तुझ्या नावावर, मी घराचा नकाशा बदलतो. नाही झाले तर भंगारवाला."

"भंगार न्हाय ती," इंदूबाई म्हणाल्या. "गाडी हाय."

मी पिशवीतलं नोंदणीचं, म्हणजे आरसीचं, पुस्तक काढलं. माझ्या हातून झालेलं दुय्यम पुस्तक. मूळ पुस्तक समुद्राच्या पाण्यात भिजलं म्हणून पंचवीसेक वर्षांपूर्वी मीच नवं काढून दिलं होतं. मी ते महेशपुढे फडकवलं. "माझं काम आहे हे. यात काही निघणार नाही. गाडी पन्नाशी ओलांडलेली, विंटेजमध्ये बसते; पौर्णिमेच्या आधी कागद हातात देते." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या रविवारी तारोडीला गेले. झापं बाजूला केली आणि मी गाडीखाली टॉर्च मारला. खाली सांगाडा दिसेचना. काळाकुट्ट, गुळगुळीत, बोटभर जाडीचा थर.

"हे काय आहे?"

"डांबर," इंदूबाई म्हणाल्या, जणू मी वेड्यासारखं विचारलं होतं. "पावसात बोटी वर घेतल्या की तळाला मारतात नं? ते म्हणायचे, गाडी पण खाऱ्या वाऱ्याला उभी हाय, तिला काय वेगळं? दर साली बोटीबरोबर हिला पण हात मारायचे."

तीसेक पावसाळ्यांचं डांबर! कुठल्या मेकॅनिकने असं केलं नसतं. पण कोळ्याच्या हाताला लाकूड काय, लोखंड काय, जे पाण्याजवळ उभं आहे त्याचा तळ सांभाळायचा एवढंच ठाऊक. महेश म्हणाला, "ग्राइंडर आणतो, पाच मिनिटांत साफ." मी ओरडलेच त्याच्यावर. नंबर जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल ठोकलेला असतो. ग्राइंडर लावला की डांबराबरोबर नंबरही गेला, आणि नंबर गेला की गाडी मेली. कायद्याच्या भाषेत तर ती चोरीचीच.

मार्ग इंदूबाईंनी काढला. गोणपाटाच्या पट्ट्या रॉकेलमध्ये भिजवून त्यांनी सांगाड्याला बांधल्या, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. मग बांबूची कामटी घेऊन खरवडायला लागलो. पत्रा नाही, चाकू नाही. एका बाजूने त्या आडव्या, एका बाजूने मी. माझा गुडघा बोंबलत होता. त्यांचा काही बोलत नव्हता.

"तुमचे गुडघे दुखत नाहीत का?"

"दुखतात की. त्यांना सांगितलंय, काम झाल्यावर दुखा."

आणि डांबराखालून लोखंड निघालं ते काय वर्णावं! समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतकी वर्षं उभी असलेली गाडी, आणि सांगाड्याला गंजाचा ठिपका नाही. तांडेलांनी खरंच गाडी वाचवली होती. शेवटी नंबर दिसला. मी कागद धरला, पेन्सिल फिरवली, एकेक आकडा उमटला. पुस्तकाशी ताडून पाहिला. पुस्तकात शेवटचा आकडा तीन होता. गाडीवर आठ.

"जमला ना नंबर?" इंदूबाईंनी गाडीखालूनच विचारलं.

"बघते," मी म्हटलं. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला "बघते" म्हणायची वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली होती.

घरी येऊन माळ्यावरून जुन्या प्रती काढल्या. प्रत्येक कामाची प्रत ठेवायची मला सवय. सापडली. फॉर्मवर ठशाची जागा रिकामी होती आणि शेजारी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'ठसा उमटत नाही. नंबर समक्ष पाहून लिहिला.' खाली माझी सही.

समक्ष पाहिला नव्हता. मला लख्ख आठवलं. मी भिजलेल्या जुन्या पुस्तकावरून नंबर उतरवला होता. शाई फुटलेली, आठाची डावी बाजू पुसलेली, तो तीन दिसला, मी तीन लिहिला. त्या काळी आम्ही सगळेच असं करायचो. खाली कोण झोपणार? साहेब विश्वासाने सही करायचे, कारण फाइल ताईंची. आणि याच ताई परवा त्या जीपवाल्याला कायदा शिकवत होत्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी रात्री जेवले नाही.

सकाळी उठून पहिल्या नोंदणीचं कार्यालय गाठलं. तिथल्या जुन्या रजिस्टरातला उतारा मिळवायला तीन आठवडे आणि दहा खेपा लागल्या. "इतकं जुनं रजिस्टर कुठून काढणार, मॅडम?" असं मला तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकवलं गेलं. मी डबा घेऊनच जायचे आणि समोर बसून खायचे. दहाव्या खेपेला उतारा मिळाला. त्यात आठ होता.

आमच्याकडच्या निरीक्षक साहेबांसमोर सगळं ठेवलं. तरुण माणूस, माझ्या मुलीच्या वयाचा, कामाला चोख. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले.

"रजिस्टरात आठ, गाडीवर आठ, पुस्तकात तीन. मॅडम, मधे पुस्तक कसं बदललं?"

"जुनी चूक असेल."

"कोणाची? फाइलमध्ये उत्तर लागतं मला. नसेल तर चौकशी लावावी लागेल. पोलीस अहवाल, पडताळणी... वर्ष धरून चला."

पौर्णिमेला महिना राहिला होता. नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं तर चौकशी चालत राहिली असती, पण मला कोणी काही विचारलं नसतं. दुय्यम पुस्तकावर सही करणारे साहेब हयात नाहीत, कारकून कुठले कुठे गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची. ओळखीच्या एका एजंटाने बाहेर चहा पिताना सांगितलंही, "ताई, येडी का तू? मेलेल्या माणसावर ढकल ना. स्कूल आता पोरीच्या नावावर करतेयस, त्या फाइलीत असला कागद लावून घेणार?" त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मुलीच्या नावावर डाग लागेल या विचाराने माझाही पाय मागे आला, खोटं कशाला बोलू.

मी उत्तनची बस पकडली आणि आधी इंदूबाईंना सांगितलं. ओट्यावर बसून, सरळ. "तुमच्या पुस्तकातली चूक माझी आहे. मी गाडीखाली गेले नव्हते आणि गेले असं लिहिलं."

त्या म्हणाल्या, "मना ठावं हाय."

"काय?"

"तू आलीस त्या सकाळीच यांनी डांबर मारलेलं. वलं. तू कागद घेऊन खाली वाकलीस, तर यांनीच हात धरून उठवली तुला. म्हणले, पोरी, नवी साडी हाय, खराब व्हईल, पुस्तकावरनं लिव. मी इथंच सुकट निवडीत व्हते. तुझी एकटीची चूक न्हाय ती. निम्मी आमच्या माणसाची."

मला यातलं काही आठवत नव्हतं. ना साडी, ना त्यांनी धरलेला हात. मी इतकी वर्षं विसरलेली माया त्या बाईने जपून ठेवली होती, आणि आता तिच्यावरच भंगाराची पाळी आणणारी मी तिच्यासमोर बसले होते. मला रडू आलं. इंदूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि वर दमही दिला, "रडतीस काय? काम कर."

तांडेलांनी मला वाकू दिलं नाही, हे खरं. पण 'समक्ष पाहिला' हे मी लिहिलं, सही मी केली. तांडेलांनी नाही.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू लिहून दे. स्कूलमध्ये मी पोरांना आरशात बघायला शिकवते, आपणच मागे बघितलं नाही तर कुठल्या तोंडाने शिकवू मग?" दुसऱ्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. नंबर न पाहता लिहिला, ठसा घेतला नाही, चूक पूर्णपणे माझी. साहेबांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, तुम्हाला कळतंय ना? तुमच्या नावाने आलेली जुनी प्रकरणं आता मला पुन्हा बघावी लागतील."

"बघा. मीही बघतेय."

आणि बघितलीच. माळ्यावरच्या सगळ्या प्रती काढल्या. 'समक्ष पाहून लिहिला' असा शेरा असलेल्या आणखी चौदा निघाल्या. बऱ्याच गाड्या कधीच मोडीत गेल्या होत्या. पाचांचा पत्ता लागला. पाचही मालकांच्या दारात मी पेन्सिल आणि सतरंजी घेऊन गेले आणि या वयात गाड्यांखाली झोपले. एकाने विचारलं, "ताई, स्कूल पोरीकडे सोपवलंत ना?" मी म्हटलं, "हो, म्हणूनच वेळ आहे." चार बरोबर निघाल्या. पाचवीची चूक दुरुस्त करून घेतली. बाजारात माझं हसं व्हायचं ते झालं. दोन गिऱ्हाइकं तुटली. "ताईंची फाइल परत येत नाही" हे आता कोणी म्हणत नाही, आणि ते बरंच झालं.

तपासणीला विंटेज गाड्यांची सरकारी समिती तारोडीला आली. इंजिन मूळचं, बॉडी मूळची. एक जाणकार गृहस्थ गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा कपाळाला डांबर आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. "किनाऱ्यावरच्या गाडीचा असा सांगाडा मी पाहिला नाही. कोणी ठेवला हा?"

"आमच्या तांडेलांनी," इंदूबाई म्हणाल्या आणि पदर सावरून नीट उभ्या राहिल्या.

महेश तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला, माझ्या हातातला वारसाचा फॉर्म मागून घेतला आणि बापाच्या गाडीच्या बॉनेटवरच ठेवून सही केली. नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना नोंदणी झाली. नंबर जुनाच राहिला, मालक म्हणून नाव इंदूबाईंचं. त्यांच्या नावावर सरकारदरबारी असलेली ती पहिली वस्तू. महेशने घराचा नकाशा आणून दाखवला, त्यात मोटारीची जागा आखलेली होती.

एकच गोष्ट राहिली होती, आणि ती सांगायला माझी जीभ रेटेना. विंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. बाजाराला नाही, लग्नाला नाही, देवाला नाही. मी नियम वाचून दाखवला: प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

इंदूबाईंचा चेहरा पडला. "म्हंजी परत उभीच?"

मी कागदाची घडी घालायला लागले. इंदूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ते शेवटचं काय वाचलंस? परत सांग."

"इंधन भरणं. म्हणजे पेट्रोल भरायला नेता येते."

"किती भरायचं ते लिवलंय?"

मी नियम पुन्हा वाचला. नव्हतं लिहिलेलं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी महेशने, मेकॅनिककडून सुरू करून घेतलेली, गाडी काढली. इंदूबाई पुढे त्याच्या शेजारी, नवं लुगडं, केसात वळेसर. मी मागे. गावातून निघालो तर ओट्याओट्यावरून बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी काठी टेकत रस्त्यात आली, महेशने गाडी थांबवली, तिने बॉनेटवर हात फिरवला आणि सोबतच्या तरण्या मुलाला म्हणाली, "हिच्यातच नेलेली तुझ्या आयसला, तू व्हायच्या येळंला." बापाची गाडी चालवताना महेशचे डोळे भरून आले होते आणि तो ते आमच्यापासून लपवत होता.

भाईंदरच्या वाटेवरच्या पंपावर पोहोचलो. पंपावरचा माणूस गाडीभोवती एक फेरी मारून आला, हात पुसत खिडकीशी वाकला.

"क्या गाडी है, अम्मा! टाकी फुल कर दूँ?"

"न्हाय रे बाबा," इंदूबाई म्हणाल्या, "दोनच लिटर घाल. उद्या परत येयाचं हाय आमाला."